परतीचे दोर

मराठींत गडकोटांच्या प्रवासवर्णनांची वाण आहे, अशी तक्रार आतां कोणासहि करतां येणार नाहीं. पावसाळा सरत आला कीं मासिकांतून, दिवाळी अंकांतून आणि स्वतंत्र पुस्तकांतून चढणींचीं वर्णनें येऊं लागतात, आणि रविवारीं पहाटे निघून रात्रीं घरीं जेवावयास परतणारा आमचा सुशिक्षित गृहस्थ तीं आवडीनें वाचतो. कित्येकदां तीं वाचूनच घराबाहेर पडतो. जें वाङ्मय वाचकास खुर्चीवरून उठवून कड्यापर्यंत नेतें, त्याची परीक्षा केवळ शब्दसौष्ठवावर करून भागणार नाहीं. त्यानें वाचकास कोठें नेलें, आणि कोठें नेऊन सोडलें, हेंहि पाहिलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत या एकाच दृष्टीनें या वर्णनांचा विचार करावयाचा आहे.

या वर्णनांचा सांगाडा बहुधा ठरलेला असतो. पहाटेचा अंधार, पायथ्याच्या गांवांतला चहा, पहिल्या चढावर लागलेला दम, छातीवर येणारा कडा, पडका दरवाजा, माथ्यावरचा वारा, मग दोन पानें इतिहास, आणि अखेरीस मावळत्या सूर्याच्या साक्षीनें जोडलेले हात. येथें लेख संपतो. सूर्य मावळला, हात जोडून झाले, परंतु लेखक अजून माथ्यावरच उभा आहे! तो अंधारांत खालीं कसा उतरला, हें वाचकास कधींच कळत नाहीं. जणूं काय गडावर चढणारा मनुष्य तेथेंच राहावयास जातो. वस्तुस्थिति अशी कीं, जितक्या पायऱ्या चढावयाच्या तितक्याच उतरावयाच्या असतात, आणि त्या उतरावयाच्या असतात थकलेल्या पायांनीं. एका दिवसाच्या गडचढणीचा निम्मा भाग आमच्या वाङ्मयांतून असा गळून पडला आहे. हा विसर सहज पडलेला नाहीं, असें माझें मत आहे. त्याला आमच्या अभिरुचींत कारण आहे, आणि तें कारण शोधण्यासारखें आहे.

उदाहरणादाखल त्र्यंबकेश्वराजवळील हरिहर घेऊं. हर्षगड या नांवानेंहि तो ओळखला जातो. निरगुडपाड्याकडून किंवा हर्षेवाडीकडून निघालें असतां अर्ध्या डोंगरापर्यंतची वाट सोपी आहे. पुढें एक सपाटी लागते, आणि त्या सपाटीवर कोणीं कातळाचा ठोकळा उभा करून ठेवावा तसा गड दिसतो. त्याच्या एका अंगावर खडक कोरून पायऱ्यांची सरळ रांग काढलेली आहे. तिचा उतार इतका उभा आहे, कीं दुरून पाहणारास ती भिंतीला टेकविलेली शिडीच वाटावी. सुटीच्या दिवशीं या रांगेंत वरपासून खालपर्यंत माणसें दिसतात. चढणारे आणि उतरणारे यांना मार्ग एकच. समोरासमोर आलें कीं एकानें खडकास चिकटून उभें राहावें लागतें.

1818 सालीं हा गड इंग्रजांच्या हातीं गेला. त्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यानें त्याचें केलेलें वर्णन 1883 सालच्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरांत छापलेलें आहे. या चढाच्या भयंकरपणाची कल्पना शब्दांनीं देतां येणार नाहीं, अशी कबुली तो देतो. परंतु कबुली देऊन तो थांबत नाहीं. चढ सुमारें दोनशें फूट अगदीं सरळ आहे, तुलना करावयाची तर शिडीशींच करतां येईल, पायऱ्या चांगल्या दगडाच्या असून शाबूत आहेत, मधून मधून हात ठेवावयास खड्डे आहेत, वर भक्कम दरवाजा आहे, आणि त्यापुढें खडकाच्या पोटाखालून जी वाट जाते तिला बाहेरच्या अंगास कठडा नाहीं, हें तो एकामागून एक सांगत जातो. ब्रिग्ज हा कांहीं साहित्यिक नव्हे; जिंकलेल्या मुलखाचा जमाखर्च मांडणारा तो लष्करी अधिकारी. तरीहि हें वर्णन वाचून तळव्यांना घाम येतो. याचें कारण उघड आहे. शब्द अपुरे आहेत असें म्हटल्यावर तो पुरतील तेवढे शब्द नेमानें वापरतो. आमचे लेखक शब्द अपुरे आहेत असें म्हणतात, आणि त्या वाक्यासच वर्णन समजतात. कठडा नाहीं, हे दोन शब्द लिहावयास प्रतिभा लागत नाहीं. डोळे लागतात, आणि वाचकाविषयीं थोडी काळजी लागते.

येथें मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. नाहीं तर ही टीका परोपदेशाचें पांडित्य ठरेल. सुमारें बावीस वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांत मीं हरिहरावर एक लेख लिहिला होता. तो त्या वेळीं पुष्कळांस आवडला, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि आवडला होता. त्यांत कातळाला काळपुरुषाची उपमा होती, पायऱ्यांना त्याच्या कंठांतील माळेची होती, आणि माथ्यावर उभा राहिल्यावर देह पिसासारखा हलका झाल्याचें वर्णन होतें. पुढें वैतरणेच्या जलाशयाचा चकाकणारा पट्टा, एका अंगास ब्रह्मगिरि, शेजारचा भास्करगड, आणि भूतकाळाची हांक. लेख येथें संपला होता.

कांहीं वर्षांनीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्यानें तो लेख जपून ठेवला होता, आणि तो वाचूनच आपल्या आईस घेऊन तो हरिहरावर गेला होता. बाई पन्नाशीच्या, शेतकरी घरांत वाढलेल्या, चालण्यास कणखर. चढतांना त्या मुलाच्या पुढें होत्या. परंतु उतरतेवेळीं वरच्या पायरीवर बसून त्यांनीं खालीं पाहिलें मात्र, त्यांच्या अंगांतलें बळच गेलें. पाय पुढें टाकवेना, मागें फिरून उपयोग नाहीं. वरून उतरणारांची रांग खोळंबली, खालून चढणारांची खोळंबली. कोणी धीर देई, कोणी चिडे, कोणी त्याहि स्थितींत छायाचित्र काढी. अखेर गांवाकडील एक तरुण रांगेच्या कडेकडेनें वर आला आणि त्यांच्या खालच्या पायरीवर उभा राहिला. तो एवढेंच म्हणाला:

"मावशी, दरीकडं बघूं नका, दगडाकडं बघा. शिडीवरनं उतरतां तसं तोंड फिरवा. एक हात सुटला कीं दुसरा धरलेला पाहिजे. पाय मी लावून देतो."

त्यानें एकेक पाऊल हातानें धरून पायरीवर टेकविलें, आणि बाई सुखरूप खालीं आल्या. ही हकीकत सांगून विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसला. मग रागावून नव्हे, अगदीं सहज म्हणाला, "सर, तुमच्या लेखांत उतरण नव्हती."

या एका वाक्याइतकी नेमकी समीक्षा माझ्या लिखाणावर दुसऱ्या कोणीं केलेली नाहीं. मीं त्यास उत्तर दिलें नाहीं, कारण खरें उत्तर देण्याचें धैर्य मला त्या दिवशीं झालें नाहीं. तें येथें देतों. उतरण माझ्या आठवणींत होती. बावीस वर्षांपूर्वीं मी स्वतः त्या पायऱ्या बसून, घसटत, एका गांवकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरलों होतों. विजारीचा मागला भाग फाटला होता आणि दोन दिवस जिना उतरवत नव्हता. लिहावयास बसलों तेव्हां हें सर्व मला स्पष्ट दिसत होतें. परंतु पिसासारखा हलका झालेला देह आणि फाटलेली विजार एका लेखांत मावतना. मीं विजार गाळली. असत्य असें मीं एकहि वाक्य लिहिलें नव्हतें. तरी तो लेख खोटा होता, आणि त्याचें मोल दुसऱ्याच्या आईनें दोनशें फूट उंचीवर बसून दिलें.

आतां प्रश्न असा, कीं उतरण लिहिण्याची आम्हांस लाज कां वाटावी? मला वाटतें, याचें मूळ सिंहगडच्या कड्यावर सांपडेल. 1670 सालीं तानाजी मालुसरे यानें गड घेतला त्या प्रसंगाची लोकांत रूढ असलेली कथा सर्वांस ठाऊक आहे. तानाजी पडल्यावर मावळे माघार घेऊं लागले, तेव्हां सूर्याजीनें कड्यावरचे दोर कापून टाकले आणि पळावयास वाट नाहीं हें त्यांस दाखविलें. ही कथा अस्सल कागदांवर कितपत टिकते, हा प्रश्न इतिहाससंशोधकांचा. आपल्यापुढील प्रश्न तिच्या सामर्थ्याचा आहे. तिनें मराठी भाषेस एक वाक्प्रचार दिला. परतीचे दोर कापणें, म्हणजे निश्चयाची परिसीमा. पोवाड्यांनीं तानाजीची ही लढाई गाइली, हरि नारायण आपट्यांनीं तिच्यावर 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी रचिली, आणि शाळेच्या पुस्तकांतून ती घरोघर पोंचली. तेव्हांपासून आमच्या मनांत गड म्हणजे केवळ चढण्याची वस्तु होऊन बसली. उतरण म्हणजे माघार, आणि माघार म्हणजे लज्जा, असें समीकरण न सांगतांच ठरलें. सूर्याजीनें दोर कापले ते रणांत, एका रात्रीच्या गरजेनें. आमच्या लेखकांनीं तेच दोर रविवारच्या सहलींत आणि तेहि दुसऱ्याचे कापले!

हाच दोर दुसऱ्या एका देशांत कसा दिसतो, तें पाहण्यासारखें आहे. 14 जुलै 1865 रोजीं एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती आल्प्सपैकीं मॅटरहॉर्नच्या माथ्यावर प्रथम पोंचले. उतरतांना एकाचा पाय घसरला, एका दोरास बांधलेले चौघे ओढले गेले, आणि चौथा व पांचवा यांच्यामधील दोर तुटून ते चौघे दरींत पडले. वर राहिलेल्या तिघांपैकीं थोरला टाऊग्वाल्डर हा वाटाड्या दोराच्या तुटल्या टोकाशीं होता. त्यानें दोर कापला असावा अशी कुजबूज उठली; झेरमाट येथें चौकशी झाली, आणि त्याजकडे दोष नाहीं असें ठरलें. तो तुटका दोर तेथील संग्रहालयांत आजहि ठेवलेला आहे. व्हिंपरचें पुस्तक 1871 सालीं निघालें. माथ्यावरचा आनंद त्यांत आहेच, परंतु पुस्तकाचा जीव आहे तो उतरणींत. कोणता दोर कोठें वापरला, तो किती मजबूत होता, कोण कोणाच्या मागें होता, याचा हिशेब तो देतो. आपल्याकडे दोर कापणें ही वीरकथा; तेथें दोर कापल्याचा नुसता संशय म्हणजे आरोप. दोन्ही समाज आपापल्या ठिकाणीं बरोबर असतील. परंतु जो मनुष्य लढावयास नव्हे, तर एका दिवसाच्या आनंदास डोंगरावर जातो, त्यास कोणती कथा अधिक उपयोगाची, हें सांगावयास नको.

उतरणीचें वर्णन म्हणजे केवळ अपघाताचें वर्णन, असेंहि कोणीं समजूं नये. इटालियन कवि पेत्रार्क यानें 26 एप्रिल 1336 रोजीं फ्रान्समधील व्हाँतू पर्वत चढल्याचें एका पत्रांत लिहिलें आहे. एका म्हाताऱ्या मेंढपाळानें त्याला जाऊं नको म्हणून विनविलें. धाकटा भाऊ सरळ धारेनें चढून गेला, आणि स्वतः पेत्रार्क सोपी वाट शोधण्याच्या नादांत पुन्हां पुन्हां खालीं भरकटला, हें तो न लाजतां सांगतो. माथ्यावर त्यानें संत ऑगस्टीनचा ग्रंथ सहज उघडला. मनुष्य पर्वत पाहून थक्क होतो आणि स्वतःकडे पाहावयास विसरतो, अशा अर्थाचें स्थळ नेमकें निघालें. त्यानंतर खालीं येईपर्यंत तो कोणाशींहि बोलला नाहीं, आणि पायथ्याच्या मुक्कामीं जेवण तयार होत होतें तेवढ्या वेळांत त्यानें हें पत्र लिहिलें, असें तो म्हणतो. तें पत्र आज जसें आहे तसें 1353 च्या सुमारास सजविलेलें असावें, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. तें खरें धरलें तर माझा मुद्दा अधिकच बळावतो. ज्यानें वर्षांनंतर बसून पत्र घडविलें, त्यास माथ्यावरच थांबतां आलें असतें. तो थांबला नाहीं. डोंगराचा अर्थ खालीं येतांना लागतो, हें त्या कलावंतास कळलें होतें.

मराठींत असें लिहिणारा कोणी झालाच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. गो. नी. दांडेकर (1916–1998) यांनीं 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' यांसारख्या पुस्तकांतून गडावर चालत जाणें हा मराठी गद्याचा एक विषय करून ठेवला. त्यांच्या पानांत वाटा आहेत, वारा आहे, गडाच्या अंगाखांद्यावर राहणारीं माणसें आहेत. त्यांस गड हें तीर्थ वाटे, आणि त्या श्रद्धेनें त्यांची भाषा भिजलेली आहे. परंतु थोर लेखकाच्या मागून येणारे त्याचा स्वर उचलतात, श्रम उचलीत नाहींत. दांडेकरांच्या अनुकरणांत श्रद्धा उरली, आणि पाय मात्र गेले. आजच्या पुष्कळ लेखांत गडापुढें नतमस्तक होणारें डोकें दिसतें, त्या डोक्याखालीं गुडघे आहेत कीं नाहींत अशी शंका येते.

यावर एक आक्षेप येईल, तो असा कीं, तुम्हांस वाङ्मय नको, मार्गदर्शिका पाहिजे. कोणत्या खोबणींत बोट घालावें हें सांगणें ललित लेखकाचें काम नव्हे. मी उलट म्हणेन, कीं गांवच्या त्या तरुणाचीं चार वाक्यें पुन्हां वाचावीं. त्यांत विशेषण एकहि नाहीं, उपमा एकच आहे, आणि ती ब्रिग्जनें दोनशें वर्षांपूर्वीं वापरली तीच, शिडीची. प्रत्येक वाक्य एका भयाला उत्तर देतें. शेवटच्या वाक्यांत तर सगळें माणूसपण आलें आहे. आपली भाषा ऐकणाराच्या पायापर्यंत पोंचविणें हें जर वाङ्मय नव्हे, तर तें काय आहे हें मला ठाऊक नाहीं.

शिवाय उतरण हा अनुभव म्हणूनहि स्वतंत्र आहे. चढतांना पायरी डोळ्यांसमोर असते. उतरतांना न दिसणाऱ्या पायरीवर विश्वास टाकावा लागतो. चढतांना दमते छाती, आणि ती घटकाभर बसलें कीं शांत होते. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांच अंगाचा सारा भार पेलतात, म्हणून त्यांचें दुखणें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उमटतें. चढतांना मनुष्य स्वतःच्या पराक्रमांत असतो; उतरतांना त्यास दुसऱ्याचा हात घ्यावा लागतो. ज्या लेखकास मनुष्यस्वभावाची आवड आहे, त्यानें हें क्षेत्र ओसाड कां ठेवावें?

दुसरा आक्षेप इतिहासप्रेमी मंडळींचा असेल. गुडघ्यांच्या गोष्टी सांगत बसलों तर इतिहास राहून जाईल, अशी भीति त्यांस वाटते. परंतु हरिहराचा इतिहास तरी केवळ चढणाऱ्यांचा कोठें आहे? 1636 मध्यें शहाजीराजांना हा गड मोंगलांच्या स्वाधीन करावा लागला, 1818 मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला. दोन्ही वेळां गडावरच्या शिबंदीस याच पायऱ्यांवरून खालीं यावें लागलें असेल. कोणाच्या डोक्यावर बोचकें असेल, कोणाचे हात रिकामे असतील. आणि या दोन सालांच्या दरम्यान दाणा, सरपण, निरोप घेऊन रोज वर-खालीं करणारीं माणसें असलींच पाहिजेत. त्यांनीं खडकास लावलेले हात आपण खोबणींत हात घालतों तेव्हांच आपल्या हातास लागतात. त्यांस आपण विसरतों, कारण आपला इतिहासहि माथ्यावरच संपतो. उतरण लिहूं लागलों तर इतिहास कमी होणार नाहीं; त्यांत माणसें वाढतील.

हें सर्व लिहून मीं माझ्या जुन्या लेखाचें प्रायश्चित्त केलें असें मी मानीत नाहीं. गेल्या हिवाळ्यांत मी पुन्हां हरिहराच्या पायथ्याशीं गेलों होतों. वयास शोभेल अशा रीतीनें खालच्या सपाटीवरच बसलों आणि दुपारभर पायऱ्यांकडे पाहात राहिलों. चढणारे मोठ्यानें बोलत होते, एकमेकांस हांका मारीत होते. उतरणारे गप्प होते. त्यांचीं तोंडें दगडाकडे होतीं. शेवटची पायरी सुटून सपाट जमिनीवर पाय टेकला कीं प्रत्येक जण एकदां मागें वळून वर पाही. त्या वळून पाहण्यांत जें होतें, तें माथ्यावरच्या कोणत्याहि छायाचित्रांत मला आढळलेलें नाहीं. आमच्या गडवाङ्मयानें माथ्यावरचा एक परिच्छेद कमी करून तो येथें, या शेवटच्या पायरीपाशीं लिहावा, एवढीच माझी विनंति आहे. वाचकास आपण वर नेलें असेल, तर त्यास घरीं पोंचविण्याचें ऋणहि आपल्यावरच आहे.